गुरुवारी पाऊस सांगितला होता

त्या गुरुवारी सकाळी गच्चीवर होत्या त्या अशा: माझी मोठी जाऊ, तिची सून, आणि शेजारच्या घरांतल्या तीन बायका. मिळून पाच सवाष्णी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी, तिच्या पुढं मी जायचं नाही असं ठरलेलं. खाली खुर्चीत अण्णा, म्हणजे माझे मोठे दीर, त्यांचा उजवा पाय आता चालत नाही. आणि माझी नात, जिचं लग्न होतं, ती डब्याची पिशवी खांद्याला लावून उभी, बस चुकेल म्हणून. एवढीच माणसं. नंतर कोणी काय काय सांगितलं, मी सगळं ऐकलं. पण होते ते एवढेच, आणि दुपारी घरात उरले ते फक्त मी आणि अण्णा.

घर बसवनगुडीत, सासऱ्यांनी बांधलेलं. पुढचं घर जावेचं, मागं नळाजवळची खोली माझी. यजमान गेल्यावर ती मला मिळाली. मिळाली म्हणजे तिथनं मला कोणी काढलं नाही.

लग्नाआधी आमच्यात मुहूर्ताचे सांडगे घालतात. कोहळा किसायचा, पिळून पाणी काढायचं, उडदाची डाळ वाटून त्यात कालवायची, मिरची, हिंग, जिरं, मीठ. मग बोटांनी चिमटी चिमटी घालत जायचं. पहिले पाच सवाष्णी घालतात, तेल लावलेल्या पितळेच्या परातीत, हळदकुंकू वाहून. ते मुहूर्ताचे. बाकीचे जुन्या धोतरावर, ते जेवणावळीला तळायचे. तीन दिवस कडक ऊन लागतं. परातीतले नीट वाळले की लग्नाला लागायला मोकळे. भिजले नाहीतर बुरशी आली, तर लग्नाला खोट आली म्हणतात. मुलाकडचे मैसूरचे, पण असली गोष्ट मैसूरला पोचायला किती वेळ लागतो.

विधवेनं त्याला हात लावायचा नाही. कोहळा किसायला विधवेचा हात चालतो. पिळायला चालतो. डाळ वाटून ग्राइंडर धुवायलाही चालतो. परातीत घालायला तेवढा चालत नाही.

आदल्या रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो होतो. भटजींनी दोन दिवस काढून दिले होते, सोमवार आणि गुरुवार, कुठलाही घ्या म्हणून. नात फोनवर हवामान बघत होती.

"अज्जी, ऐक. सोमवार ऊन. मंगळवार ऊन. बुधवारी ढग. गुरुवारी दुपारनंतर गडगडाट, जोराचा वारा, पाऊस. शुक्रवारी पण. शनिवारी स्वल्प."

"टीव्हीवर पण तेच सांगत होती ती बाई," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "अक्का, मग सोमवारीच घालू या. डाळ मी आत्ता भिजत घालते."

तिथं चुकलं माझं. मी गप्प बसले असते तर तिनं आपणहून सोमवारच धरला असता. सोमवारी तिलाही सोयीचं होतं. पण मी म्हटलं ना.

"गुरुवारी घालायचे," जाऊ म्हणाली.

"गुरुवारी पाऊस सांगितलाय."

"फोनला काय कळतंय माझ्या गच्चीचं? पाडव्याला भटजींनी पंचांग वाचलं तेव्हा तू तिथंच होतीस ना? यंदा पाऊस कमी म्हणून सांगितलंय."

"कमी म्हणजे गुरुवारी नाही असं नव्हे," अण्णा म्हणाले.

"तुम्ही टीव्ही बघा."

नात हसली. जावेनं तिच्याकडं असं बघितलं की पोरीनं फोन खाली ठेवला. मी उठून भांडी घासायला गेले.

बुधवारी ढग आले, फोनमध्ये होतं तसे. संध्याकाळी मी डाळ भिजत घातली. गुरुवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. जावेला केवढा आनंद. ती मला हाक मारून म्हणाली, "ये गं, बघ तुझा पाऊस." मी वर गेले, पायरीवर उभी राहिले. पाच जणींनी घातले सांडगे. आमची जाऊ घालते तसे कोणी घालत नाही, ते मी सांगते. सगळे एका मापाचे, शेंडा वर काढलेला. मी नुसती बघत होते.

अकराच्या सुमाराला सगळ्या खाली आल्या. नात कधीच हेब्बाळला गेली होती, तिचं ऑफिस तिकडं, जायलाच दीड तास. जाऊ आणि सून जयनगरला निघाल्या, देण्याघेण्याच्या साड्या घ्यायला. निघताना जावेनं गच्चीचं दार ओढून घेतलं, कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मी जिन्याखाली तांदूळ निवडत होते. मला दिसावं म्हणूनच केलं ते.

सून बिचारी सासूला म्हणाली, "अत्ते, आभाळ आलं तर?"

"आलं तर आलं. हिचा हात लागण्यापेक्षा बरं."

तिनं कुलूप का लावलं ते सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या मुलीच्या लग्नाची गोष्ट. माझे यजमान जाऊन वर्ष व्हायचं होतं. वर्षाच्या आत लग्न करायचं ठरलं, कन्यादान अण्णा आणि जाऊ करणार होते. ह्याच गच्चीवर सांडगे घातले, हीच परात. सवाष्णी जेवायला खाली गेल्या. मला सांगितलं, तू इथं पायरीवर बस, कावळे हाकल, पण हात लावू नकोस. मी बसले. मग पाऊस आला. असा आला की सांगायला वेळ दिला नाही. मी वरनं हाका मारल्या, अक्का, अक्का. खाली पंगत बसलेली, रेडिओ चाललेला, कोणाला ऐकू गेलं नाही. की गेलं आणि उष्ट्या हातानं कोण उठणार म्हणून बसल्या, ते मला माहीत नाही. परात माझ्यापासून चार हातांवर होती. मी हात लावला नाही. मला सांगितलेलं ऐकायची सवय होती. उभी राहून बघत राहिले. सांडग्यांची पेज झाली आणि परातीच्या काठावरनं वाहून गेली.

मुलीचं लग्न झालं. चार वर्षांनी कावीळ झाली आणि ती गेली. पोरगी दोन वर्षांची. जावयानं दुसरं लग्न केलं आणि पोर माझ्याकडं आणून सोडली, दोन फ्रॉक आणि एक दुधाची बाटली. त्याला मी काही म्हटलं नाही. पोर मला पाहिजेच होती.

मुलीच्या तेराव्याला स्वयंपाकघरात सगळ्या बायकांदेखत जाऊ म्हणाली, "हिनं सांडग्यांना हात लावला होता, मी तेव्हाच ओळखलं होतं."

 काय बोलणार? नाही लावला हात, म्हणून भिजले, असं सांगणार? ते तर जास्तच वाईट वाटलं मला. तेव्हापासून ही गोष्ट आमच्या लोकांत तशीच चालत आली. कुठं लग्नाला गेले की बायका आपल्या पिशव्या उचलून मला जागा करून देतात, जरा जास्तच जागा.

तर कुलूप त्यासाठी.

दुपारी अण्णांना जेवायला वाढलं, मी जेवले, भांडी घासली. उकडत होतं. अंगणातल्या लाल जमिनीवर पाय ठेववत नव्हता. आमच्या लहानपणी ह्या दिवसांत इथं अंगावर पांघरूण लागायचं, आता पंखासुद्धा गरम हवा टाकतो. मी जिन्याखाली जरा पडले होते तेवढ्यात फोन वाजला. नात.

"अज्जी, इकडं गारा पडतायत गं! काचेवर कोणी खडे मारतंय असं वाजतंय. खाली गाड्यांवर पांढरा सडा झालाय. सगळे व्हिडिओ काढतायत."

"तू आत आहेस ना?"

"मी आत आहे. वारं तिकडंच निघालंय, फोनमध्ये दाखवतंय. अर्धा तास नाही लागायचा. सांडगे आत घ्यायला सांग कोणाला तरी."

"कुलूप आहे."

"कसलं कुलूप?"

"बघते मी," म्हटलं आणि ठेवला.

मग जावेला लावला. मागं दुकानात गाणी लागली होती.

"अक्का, हेब्बाळला गारा पडतायत."

"मग हेब्बाळला छत्री पाठव."

"वारं इकडं येतंय. किल्ली पाठव कोणाकडं तरी. रिक्षा करून सुनेला पाठव. ती उचलेल, मी नाही लावत हात."

"इथं जयनगरात ऊन आहे, माझं डोकं तापलंय उन्हानं. रविवारपासून तुझं एकच चाललंय, पाऊस, पाऊस. तुला गच्चीवर जायला निमित्त पाहिजे. किल्ली माझ्या कमरेला आहे आणि तिथंच राहणार."

फोन बंद.

मी अंगणात जाऊन बघितलं. आमच्यावर ऊनच होतं. पण उत्तरेकडं आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं. कावळे ओरडत घरांवरनं पलीकडं चालले होते. मग वारं आलं, सगळी धूळ आणि होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाचा पाला अंगणात, दोरीवरचं माझं लुगडं भिंतीला जाऊन चिकटलं.

अण्णांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"छत्री पाठव म्हणाली."

ते हसले. "तिला तेवढंच येतं."  मग म्हणाले, "ते कुलूप वडिलांनी आणलेलं. तुटायचं नाही तुझ्यानं."

"कुलूप राहू दे. कोयंडा गंजलाय. मी रोज बघते ना."

"मग?"

मी त्यांच्याकडं बघितलं. पन्नास वर्षांत ह्या माणसानं बायकोसमोर माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाही. आताही काढला नाही. नुसतं खलबत्त्याकडं बघितलं, खिडकीत ठेवलेल्या.

मी लोखंडी बत्ता घेतला आणि जिना चढले. माझे गुडघे गेलेत, एकेक पायरी दोन्ही पाय टेकून चढते. वर पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. पहिला घाव दारावर बसला. दुसरा माझ्या अंगठ्यावर, त्याचं नख अजून काळं आहे. मग कोयंड्यावर बसायला लागले. किती मारले मोजले नाहीत. जावेचं नाव घेऊन मारले, ते मात्र खरं. कोयंडा चौकटीतनं खिळ्यांसकट निघाला आणि कुलूप कडीला तसंच लोंबत राहिलं, बंदच्या बंद.

गच्चीवर दोन गोष्टी. इकडं परात. तिकडं धोतर, त्यावर दोन कोहळ्यांचे सांडगे, माझी दोन दिवसांची मेहनत. थेंब सुरू झाले होते, मोठे मोठे, फरशीवर पडले की वाफ. दोन्ही उचलायला माझ्याकडं हात नव्हते.

मी परात उचलली. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. पितळ तापलेलं, पोट भाजलं. खाली उतरताना भिंतीला खांदा लावून लावून उतरले, पडले असते तर परातीसकट गेले असते. अण्णांनी खुर्चीतनं हात पुढं केले, त्यांच्या मांडीवर परात ठेवली आणि पुन्हा वर गेले. तोपर्यंत गारा लागल्या होत्या. गार पाठीवर बसते तेव्हा मधमाशी चावल्यासारखं होतं, आणि एकच नसते. धोतराचं एक टोक धरून ओढलं, सगळं एकाला एक चिकटून लगदा झाला. तसंच टाकून दारात येऊन उभी राहिले. त्याच पायरीवर. ह्या वेळी भिजू दिलं ते धोतर होतं.

जावेची रिक्षा आली तेव्हा रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. दोघी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, साड्यांच्या पिशव्या डोक्यावर. चप्पलसुद्धा न काढता जाऊ जिन्याकडं गेली. वरनं आली तेव्हा हातात कोयंडा होता.

"कोणी तोडलं?"

"मी."

"परात?"

"मी आणली. दोन्ही हातांनी."

"एकसुद्धा भिजला नाही," अण्णा म्हणाले. परात अजून त्यांच्या मांडीवरच होती.

"तुम्ही बोलू नका!" मग सुनेला म्हणाली, "उद्या भटजींना फोन कर. दुसरा दिवस काढायला सांग. हे टाकून दे कुठंतरी."

सून जागची हलली नाही. तेवढ्यात नात आली, ऑफिसातनं लवकर निघाली होती, केसांतनं पाणी गळत होतं. तिनं कोयंडा बघितला, माझा अंगठा बघितला, परात बघितली. तिला सांगायला लागलं नाही.

"टाकायचे नाहीत," ती म्हणाली. "मोठ्या अज्जी, तुम्हाला दुसरे घालायचे असतील तर घाला. माझ्या लग्नात हे तळायचे."

"आईसारखं व्हायचंय तुला?"

 सुनेनं तोंडावर हात धरला. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मला आयुष्यात जाऊ पुष्कळ बोललीय, मी गिळलंय, मला त्याचं काही वाटत नाही. पण हे तिनं पोरीला म्हटलं.

मी म्हटलं, "अक्का, बस. सांगते. तेव्हा मी हात लावला नव्हता."

"खोटं बोलू नकोस."

"नव्हता लावला. तू लावू नकोस म्हणून सांगितलंस, म्हणून नाही लावला. मी पायरीवर उभी होते आणि माझ्यादेखत ते वाहून गेले. तुम्हाला हाका मारल्या, तुम्ही जेवत होता. माझा हात लागून नाही भिजले. नाही लागला म्हणून भिजले."

"एवढ्या वर्षांनी सांगतेस?"

"तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस, सगळ्यांना."

तिनं कोयंडा हातात फिरवला. मग म्हणाली, "कावीळ काय सांडग्यांनी होते का?" कोणाला म्हणाली ते कळलं नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. अण्णांनी परात माझ्याकडं दिली. त्यांचे पाय सुन्न झाले होते.

ती विरघळली असेल असं कोणी समजू नका. पुढच्या सोमवारी पाच सवाष्णी पुन्हा आल्या, सांडगे पुन्हा घातले. माझ्या हातनं कोहळा किसून घेतला. सुतार बोलावून नवा कोयंडा बसवला, आधीच्यापेक्षा जाड, आणि कुलूप तेच. माझ्याशी ती त्या दिवसापासून बोलत नाही. पण तेराव्याची ती गोष्ट पुन्हा कोणी काढलेली मी ऐकली नाही.

परातीतले सांडगे मी मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडावर वाळवले. शनिवारपर्यंत ढग गेले नाहीत, फोनमध्ये होतं तसंच. ऊन पडेल तेवढा वेळ बाहेर, ढग आला की आत, असं करत कावळे हाकत बसले. वाळले चांगले. डब्यात भरले, वर दोरा बांधला म्हणजे ओळखू यावं. लग्नाच्या दिवशी आचाऱ्यानं दोन्ही डबे एकाच कढईत ओतले. दोरा कढईच्या बाजूला पडलेला मला दिसला. कोणाच्या पानात कुठले पडले ते देवाला माहीत.

नात मैसूरला असते आता. रविवारी फोन करते आणि आठवड्याचं हवामान वाचून दाखवते, तिथलं आणि इथलं. सोमवार ऊन, मंगळवार ऊन. मी ऐकते. ती बरी आहे, तिच्या आवाजावरनं कळतं. उद्या तिला साधं पडसं झालं तरी कोणाचं नाव निघेल ते मला ठाऊक आहे, आणि तिला पण. मी पोरीला सांगून ठेवलंय, कोणी काही म्हटलं तर माझ्याकडं पाठव.

वाचणाऱ्यांकडं मागणं एवढंच. तुमच्या घरी मुहूर्ताचे सांडगे घालाल तेव्हा ज्याला हात लावायचा नाही असं कोणी घरात असेल, त्याला लावू देऊ नका, तुमची मर्जी. पण बाहेर जाताना गच्चीच्या दाराला कुलूप लावून जाऊ नका.